बिबट्या केवढा असतो

नागपूरहून सोलापूरला जाणाऱ्या माणसाच्या सामानात सहसा संत्री असतात. माझ्या सामानात एक वाघ, एक सिंह, एक बिबट्या, एक तरस, एक लांडगा आणि एक पांढरं अस्वल होतं. ही सगळी मंडळी मांजरपाटाच्या एका जाडजूड गुंडाळीत मावली होती. गाडीतल्या सहप्रवाशांनी ती गुंडाळी सतरंजी समजून खुशाल तिच्यावर पाय पसरले. वाघावर पाय ठेवून डुलक्या घेणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण सांगितलं नाही. सांगून हसायला बरोबर कोणी नव्हतं.

मी एका संग्रहालयात चित्रकार होतो. निवृत्त झाल्यावर काहीतरी उद्योग हवा म्हणून हे कापडी प्राणी केले. प्रत्येक कापडावर एका प्राण्याची खऱ्या मापाची, नुसती काळी आकृती. डोळे नाहीत, पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. वाघ कसा दिसतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तो केवढा असतो, हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही. टीव्हीच्या पडद्यावर वाघ आणि मुंगळा एकाच मापाचे होतात, त्यामुळे सगळ्यांचा अंदाज पार बिघडलेला आहे.

कल्पना माझी असली तरी निम्मं काम मंदाचं होतं, माझ्या बायकोचं. मी खडूने आकृती काढायचो, ती त्या रेषेवर धावदोरा घालायची आणि मग मी आत रंग भरायचो. कार्यक्रमात ती प्रत्येक कापडाशेजारी जाऊन उभी राहायची. कारण नुसतं चित्र टांगलं तर त्याचं माप कळत नाही, बाजूला माणूस लागतं. मंदाची उंची पाच फुटांना जराशी कमी. वाघाची पाठ तिच्या कमरेच्या वर यायची. पांढऱ्या अस्वलाचा खांदा तिच्या हनुवटीला टेकायचा आणि पोरं आरडाओरडा करायची. बिबट्या जेमतेम तिच्या मांडीपर्यंत यायचा. दर गावात लोक हिरमुसून म्हणायचे, ''एवढाच?'' त्यावर मंदाचं उत्तर ठरलेलं होतं, ''एवढाच आहे जी. पण घरात येऊन बसला तर पुरे होतो.''

मंदा मागच्या वर्षी गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं ते नेलंच. त्यानंतर मी ती गुंडाळी माळ्यावर टाकून दिली होती.

ती खाली काढायला लावली मनीषाने. मनीषा वनरक्षक आहे. आधी आमच्याकडे विदर्भात होती, आता बदली होऊन सोलापूर जिल्ह्यात श्रीपूरच्या बाजूला आली आहे. तिने आमचे कार्यक्रम पाहिले होते. तिचा फोन आला. श्रीपूरजवळ कॅनॉलच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या एका टोळीचा तळ पडला होता, अगदी उभ्या उसाला लागून. तिथल्या एका बाईने संध्याकाळी उसाच्या कडेला काहीतरी जनावर पाहिलं होतं. ती म्हणत होती मोठं होतं, बाकीचे म्हणत होते कुत्रं. निम्म्या टोळीला तळ उघड्यावर हलवायचा होता आणि निम्म्या टोळीला पाणी जवळ आहे म्हणून तिथंच राहायचं होतं. ''काका, जमिनीवर सगळं उसाचं वाळलेलं पाचट पसरलंय, ठसा उमटत नाही. तळावर लहान लेकरं आहेत. त्या बाईला तुमचे प्राणी दाखवले तर काहीतरी नक्की होईल. याल का?''

जावं का, असं विचारायला घरात कोणी नव्हतं. म्हणून हो म्हणून टाकलं.

सोलापूर

श्रीपूरच्या आधी सोलापुरात एका शाळेत कार्यक्रम ठरवला होता. उतरलो ते स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये. गुंडाळीतली कापडं चुरगळली होती, म्हणून खोलीतल्या दोरीवर आणि खुर्चीवर पसरून ठेवली आणि जेवायला बाहेर पडलो.

एका खानावळीत कडक भाकरी मिळाली. ज्वारीची भाकरी आमच्याकडेही होते, पण ती मऊ आणि ताटात पडल्या पडल्या संपणारी. इथली भाकरी पापडासारखी वाळवून ठेवतात आणि ती महिनोन्‌महिने टिकते म्हणे. मी तिचा सरळ घास घेतला आणि दाढेतून कट् असा आवाज आला. आवाज भाकरीचा की दाढेचा, हे कळेना. वाढणाऱ्या बाई लांबून बघत होत्या. त्या जवळ आल्या आणि माझ्या ताटातली भाकरी त्यांनी चुरून आमटीत घातली. ''नवीन दिसताय. अशी कुस्करायची असती, आन्‌ मग वर शेंगाची चटणी, तेल. आता खावा बगू.'' खाल्ली, आणि खरंच फार चांगली लागली. बऱ्याच दिवसांत माझ्या ताटाकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं, हेही त्याचं कारण असेल.

शाळेत पोरं भरपूर होती. प्राणी टांगले. प्रश्न आला तो नेहमीचाच, जगातल्या प्रत्येक शाळेत येणारा: वाघ आणि सिंहाची मारामारी झाली तर कोण जिंकेल? मी म्हटलं, बाळांनो, ते दोघे भेटतच नाहीत, मारामारी कुठली करतील. वजनात दोघे जवळपास सारखेच, सिंह खांद्याला किंचित उंच, वाघ अंगाने लांब. मग तरसाकडे वळलो. तरस खांद्याला बिबट्याहून उंच भरतं, पण वजनाला हलकं. लांडगा बिबट्याच्याच उंचीचा, आणि वजन मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे उंचीवर जाऊ नका, हे माझं आवडतं वाक्य. ते मी म्हटलं.

पण शेजारी माणूस नव्हतं. मुख्याध्यापकांनी एक शिक्षक देऊ केले. मला ते काही जमेना. सहा फुटी गृहस्थ होते ते, त्यांच्या बाजूला माझा वाघ वासराएवढा दिसायला लागला. शेवटी त्यांना बसायला सांगितलं आणि प्रत्येक कापडाशेजारी एक खुर्ची सरकवत नेली. खुर्चीचं माप सगळ्यांना ठाऊक असतं. एका पोरीने हात वर करून विचारलं, ''सर, खुर्चीवर कोण बसणारे?'' मी म्हटलं, ''कोणी नाही, मापासाठी आहे.'' मग घाईघाईने अस्वल उलगडलं.

शाळेत बिबट्याचं कापड मात्र सापडलंच नव्हतं. वाटलं, खोलीतच राहिलं असेल. लॉजवर येऊन बघतो तर खोलीतही नाही. खाली गल्ल्यावरच्या गृहस्थांना विचारलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, ''वो काला कपडा? वो धुलने में गया ना चाचा. खुर्ची पे पडा था, मेरेकू लगा मैला चादर है.''

संध्याकाळी चादरींच्या गठ्ठ्यात माझा बिबट्या परत आला. धुतलेला, इस्त्री केलेला, आणि पांढराशुभ्र. मी स्वस्तातला पाण्याचा रंग वापरत आलोय, ही शिक्षा त्याची. गृहस्थांचा चेहरा उतरला. ''हमना क्या मालूम चाचा,'' असं ते परत परत म्हणत राहिले आणि चहा मागवत राहिले. चादरींच्या गावात येऊन बिबट्याची चादर झाली, असं मी म्हटलं तेव्हा कुठे ते हसले.

मला हसू आलं नाही. श्रीपूरला ज्या प्राण्याची खरी गरज पडणार होती, नेमका तोच गेला होता. खोलीत येऊन दिव्याखाली कापड धरलं, तर त्यावर धावदोरा दिसला. रंग गेला होता, पण मंदाचे टाके जसेच्या तसे होते. कान, पाठीचा बाक, पोटाखालची जराशी सैल कातडी, शेपटीचं वळण. मी तिला नेहमी चिडवायचो की रंग भरल्यावर दिसणारही नाहीत असले टाके कशाला इतके बारीक घालतेस. ती म्हणायची, तुम्ही तुमचं बघा.

दुकानातून काळा रंग आणला. कॉरिडॉरमध्ये कापड पसरलं आणि चार कोपऱ्यांवर लॉजचे चार तांबे ठेवले. पूर्वी कोपरे ती धरायची. टाक्यांच्या आत रंग भरत गेलो आणि मध्येच फार रडायला आलं. रंग ओला होता म्हणून बाजूला सरकून रडलो. मग उठून तोंड धुतलं आणि शेपूट पूर्ण केली.

टेंभुर्णी

टेंभुर्णीला बस बदलायची होती आणि मध्ये बराच वेळ होता. हमरस्त्याला लागून एका शेतात हुरड्याची पाटी दिसली, म्हणून गुंडाळी खांद्यावर मारून तिकडे गेलो.

थंडीचे दिवस होते. जागोजागी सतरंज्या टाकून घरंच्या घरं बसली होती. कोणी कणसं भाजत होतं, कोणी ती गरम गरम चोळून दाणे काढत होतं, कोणी फुंकर मारून कोंडा उडवत होतं, आणि पोरं नुसती खात होती. हुरडा ही चार-सहा जणांनी मिळून खायची गोष्ट आहे, हे तिथं बसल्यावर कळलं. मालकाने विचारलं, ''किती मानसं?''

''एकटाच आहे.''

तो माझ्याकडे आणि गुंडाळीकडे बघून म्हणाला, ''मग बसा की. एकट्या मानसाला भूक लागत न्हाय व्हय?''

त्याने गोवऱ्यांच्या आगटीतून कणसं काढून समोर ठेवली. मी चोळायला गेलो आणि तळहात भाजले, निम्मे दाणे मातीत गेले. मालकाने थोडा वेळ बघितलं, मग माझ्यासमोर बसून स्वतः कणसं चोळायला लागला. गूळ, दही, शेंगाचटणी, आणि ओंजळीत कोवळे हिरवे दाणे. गुंडाळीत काय आहे, असं त्याने विचारलं. वाघ आहे म्हटल्यावर त्याने मान डोलावली, जणू टेंभुर्णीहून रोजच वाघ जातात. मग म्हणाला, ''आमच्याकडं पयलं लांडगंच हुतं. मेंढरांमागं यायचं. तरस हुतं माळाला. आता म्हनत्यात बिबट्या आलाय उसात. मी काय बगितला न्हाय. तुमी बगितलाय?''

''पुष्कळ.''

''केवढा असतो?''

मी हाताने दाखवलं. तो म्हणाला, ''एवढाच?''

आणि मागून कोणीतरी उत्तर देईल असं वाटून मी वळून बघितलं.

श्रीपूर

मनीषा मोटारसायकल घेऊन स्टँडवर आली. गुंडाळी आडवी धरून मी मागे बसलो, आणि सगळा रस्ता समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आमच्यापासून चार हात लांबून जात होत्या. सोलापूरपासून इथपर्यंत बहुतेक कोरडा माळ, काळी जमीन आणि ज्वारी बघत आलो होतो. इथं मात्र दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. आमच्याकडे जंगल म्हटलं की साग, बांबू, आणि आत शिरायला परवानगी. इथलं जंगल लोकांनी स्वतः लावलेलं, त्याला पाणी देऊन वाढवलेलं, आणि दर वर्षी ते कापून नेलेलं. बिबट्याला काय, लपायला जागा मिळाली की झालं. पण कापायला जाणाऱ्या माणसाला आत काय आहे ते कापल्याशिवाय दिसत नाही.

तळ कॅनॉलच्या कडेलाच होता. उसाच्या पाल्याच्या आणि चटयांच्या छोट्या छोट्या कोप्या, पुढे चुली, बाजूला बैल आणि उसाच्या ट्रॉल्या, आणि कोप्यांच्या पाठीला हात लावला तर लागेल इतका जवळ उभा ऊस. टोळी सांगोल्याकडची होती. मुकादमाचं नाव भिवा. माणूस सभ्य, पण काळजीत पडलेला. तो म्हणाला, ''काका, तुमी आलात ते बरं झालं. मला काय भांडान नकोय. पर हितनं हललो तर पानी न्हाय, बैलांस्नी बी न्हाय. आन्‌ समदं एका बाईच्या म्हनन्यावर. ती तरी काय म्हनती, तर हे एवढं मोठं हुतं. एवढं मोठं काय असतं हितं?''

ती बाई म्हणजे कुसुम. पंचविशीची असेल. तिची दोनेक वर्षांची लेक बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. कुसुमने मला बांधावरची जागा दाखवली. तिथून झोळी दहा पावलांवर असेल. ''तितं हुबं हुतं. माज्याकडं न्हाय, झोळीकडं बघत हुतं. मी वरडले तसं उसात गेलं.'' तिच्या नवऱ्याने, दत्तूने, मध्येच म्हटलं, ''अंधारून आलं हुतं. कुत्रं असंल म्हनलं मी.'' कुसुम त्याच्याकडे न बघता म्हणाली, ''त्या दिसापास्नं मी झोपले न्हाय.''

उन्हं उतरायच्या आत मी दोन ट्रॉल्यांच्या मध्ये दोर बांधून कापडं टांगली. माणसं जमली. सवयीने मी मापं सांगायला लागलो, पण दिवसभर कोयता चालवलेल्या माणसांना सेंटिमीटर ऐकवण्यात काय अर्थ, म्हणून थांबलो आणि कुसुमला म्हटलं, ''यातलं कुठलं होतं, दाखव.''

ती लांडग्यापुढे उभी राहिली. ''ह्ये न्हवं. माज्या माहेरी मेंढरं हायत, लांडगं मी लहानपनापास्नं बघितलंय.'' तरसापुढे म्हणाली, ''ह्येची पाठ मागं उतरती असती. ह्ये बी न्हवं.'' बिबट्यापुढे मात्र थांबली. रंग नवा होता, त्याला वास येत होता. बराच वेळ बघून तिने मान हलवली. ''असंच हुतं, पर ह्यो बारका हाय.'' पुढे जाऊन तिने वाघावर हात ठेवला. ''एवढा हुता.''

सगळे हसले. भिवा म्हणाला, ''चांद्याचं जंगल हाय व्हय ह्ये, वाघ यायला?'' मागून एकजण म्हणाला, ''काका, तिला त्ये पांढरं अस्वल दावा, त्येच असंल.'' पुन्हा हशा. मनीषाने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. या भागात वाघ असेल असं तिलाही वाटत नव्हतं, मलाही नाही. बाईचं बोलणं खोटं पडलं आणि तळ आता हलणार नाही, एवढं सगळ्यांना कळलं.

कुसुम तिथून निघाली. झोळीजवळ जाऊन बसली आणि बैलांसाठी आणलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून त्यांची मोळी बांधायला लागली. हात झपाझप चालत होते. डोळ्यांत पाणी होतं.

मला फार वाईट वाटलं. चार-सहा कापडं टांगून मी या बाईची चेष्टा करायची सोय करून दिली होती. समजूत घालावी म्हणून तिच्याजवळ गेलो आणि तिच्यासारखाच उकिडवा बसलो. माझे गुडघे कुरकुरले, एक हात जमिनीला टेकावा लागला. बसल्यावर सहज कापडांकडे बघितलं.

आणि बिबट्या वाढलेला दिसला.

मघाशी उभा होतो तेव्हा तो जेमतेम माझ्या मांडीपर्यंत येत होता. आता त्याचं डोकं माझ्या डोक्याच्या बरोबरीला होतं, आणि छाती माझ्या तोंडासमोर. मी उठलो, पुन्हा बसलो. इतकी वर्षं हे प्राणी लोकांना दाखवतोय, पण बसून मी ते कधीच बघितले नव्हते. मंदा उभी राहायची, लोक उभे राहायचे किंवा खुर्चीवर बसायचे. जमिनीवर उकिडवं बसून बिबट्याकडे बघणारं आमच्यात कोणी नव्हतं.

''कुसुम, ते दिसलं तेव्हा तू काय करत होतीस?''

''ह्येच की. मोळी बांधत हुते.''

''बसलेली होतीस?''

''बसल्याबिगर मोळी कशी बांधायची?'' तिला माझा प्रश्न वेडपट वाटला असणार.

मी वाघ, सिंह, अस्वल सगळे उतरवून टाकले. बिबट्याचं कापड घेतलं आणि मनीषा आणि दत्तूला ते बांधावर, कुसुमने दाखवलेल्या जागी, दोन बाजूंनी ताणून धरायला सांगितलं. पंजे बांधाच्या मातीला टेकतील असं. मग टोळीला म्हटलं, ''आता इथं या आणि मोळी बांधायला बसता तसे बसा. कुसुम बसलीय तिथंच.''

बायका लगेच बसल्या. पुरुष आधी हसले, मग बसले. भिवा सगळ्यात शेवटी बसला. उन्हं गेली होती. मागे ऊस काळा पडत चालला होता आणि त्याच्यापुढे बांधावर ती काळी आकृती. हसणं आपोआप थांबलं. कोणीतरी हळूच म्हणालं, ''लई मोठं दिसतंय की.''

दत्तूला कापड धरल्यामुळे काही दिसत नव्हतं. त्याने आपला कोपरा दुसऱ्याच्या हातात दिला, येऊन कुसुमच्या बाजूला बसला आणि बघत राहिला. मग त्याने झोळीकडे बघितलं, पुन्हा बांधाकडे बघितलं. ''ह्येच हुतं का?'' त्याने विचारलं.

''ह्येच,'' कुसुम म्हणाली. ''आता बरोबर हाय माप.''

थोड्या वेळाने ती म्हणाली, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, ''मग त्येला मी केवढी दिसले असंन?''

बसलेल्या बाईची उंची शेळीहून जास्त नसते, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. झोळीतल्या लेकराचं तर बोलायलाच नको.

भिवाने उठून धोतर झटकलं. ''सकाळी तळ हलवू,'' तो म्हणाला. ''पान्याचं बघतो मी. आज समद्यांनी ट्रॉल्यांत झोपायचं, जाळ करून. लेकरं मदी घ्या.'' यावर कोणी वाद घातला नाही.

चहा झाला, गुळाचा. मनीषाने कुसुमला सांगितलं असावं, की पूर्वी काका-काकू दोघं यायचे. कुसुमने कप माझ्या हातात देताना विचारलं, ''काकू न्हाय आल्या?''

''ती गेली. मागच्या वर्षी.''

तिने झोळीतली लेक उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ''धरा जरा. मला सामान बांधायचंय.'' पोर झोपेतच होती. माझ्या बोटाभोवती तिने मूठ आवळली. वजन ते काय असणार. एवढं ओझं तोंडात धरून बांध ओलांडायला बिबट्याला काहीच जड पडत नाही, हे मला फार नीट ठाऊक होतं, आणि त्या वेळी ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. तिची आई भांडी आवरून येईपर्यंत मी तिला घेऊन बसलो होतो. तेवढ्या वेळात मला एकटं वाटलं नाही. असं बऱ्याच महिन्यांनी झालं, म्हणून लिहून ठेवतो.

सकाळी मनीषाबरोबर पुन्हा गेलो. कोप्या उतरवायला फार वेळ लागत नाही. चटया गुंडाळल्या, काठ्या उपटल्या, कोंबड्या टोपलीत गेल्या आणि बैलगाड्या, ट्रॉल्या निघाल्या. कुसुम गाडीत पुढे बसली होती, लेक मांडीवर. तिने मला हात वगैरे केला नाही. तिचं सगळं लक्ष उसाकडे होतं. नवा तळ उघड्या माळावर, दोन्हीकडे लांबपर्यंत दिसेल असा. पाणी लांब आहे, त्यावरून कुरकुर चालू होतीच. मी निघालो तेव्हा भिवा टँकरसाठी कोणाला तरी फोन करत होता.

नागपूर

घरी आलो. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, गुंडाळी भिंतीला टेकवून ठेवली. मनीषाने बळेबळे दिलेली कडक भाकरीची पुडी डब्यात भरली. एकट्या माणसाला ही भाकरी बरी. लगेच संपवायची घाई नसते.

दोनेक दिवसांनी मनीषाचा फोन आला. ती पळत आल्यासारखी बोलत होती. ''काका, जुन्या तळावर ठसे मिळाले. पाचटात नाही, जिथं बायका भांडी घासायच्या ना, तिथल्या चिखलात. एकदम स्वच्छ. बिबट्याच आहे, मादी असावी. कोप्यांच्या जागेवरून सरळ चालत गेलीय. बाभळीपर्यंत.''

''झोळीच्या?''

''हो. तिथं फिरलीय थोडी. मग परत उसात.''

''कुसुमला सांगितलंस?''

''सांगितलं. भिवापण होता. ती एवढंच म्हणाली, मी म्हनलं हुतं की. आणि काका, काल रात्री ती झोपली म्हणे. दत्तू सांगत होता.''

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघराकडे वळून मोठ्याने म्हणालो, ''अगं ऐकलंस का, बिबट्याच होता.'' तोंडातून निघून गेलं. मग तिथंच उभा राहिलो. पोर वाचलं होतं, आईला झोप लागली होती, आणि ज्या कापडावरून हे ठरलं त्यातला एकन्‌एक टाका मंदाचा होता. एवढी मोठी बातमी हातात होती आणि ती सांगायला घरात माणूस नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगितली.